नेटिव्ह ॲप की वेब ॲप : निवडीचे निकष

भ्रमणध्वनीद्वारे एखादी सेवा नागरिकांपर्यंत पोहोचविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. नेटिव्ह ॲप हे अँड्रॉईड किंवा आयओएस अशा विशिष्ट कार्यप्रणालीसाठी लिहिलेले असते. ते बहुधा गुगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमधून फोनवर उतरवून घ्यावे लागते. वेब ॲप मात्र संकेतस्थळाप्रमाणे ब्राउझरमध्येच चालते. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी सेवेचा लाभ कोणाला मिळणार आणि कोण वंचित राहणार, हेही या निवडीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

२००७ मध्ये ॲपलने आयफोन बाजारात आणला, तेव्हा बाहेरील विकासकांना त्यासाठी केवळ वेब ॲप तयार करण्याची मुभा होती. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलचे अँड्रॉईड मार्केट आले आणि नेटिव्ह ॲपचा प्रसार वेगाने झाला.

वेग हे नेटिव्ह ॲपचे मोठे बलस्थान मानले जाते. फेसबुकने आपल्या मोबाईल ॲपसाठी वेब तंत्रज्ञानावर भर दिला होता. मात्र ते ॲप संथ चालत असल्याने ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनसाठीचे ॲप नेटिव्ह स्वरूपात नव्याने तयार करण्यात आले. याउलट, ब्रिटनमधील फायनान्शियल टाइम्स या दैनिकाने २०११ मध्ये वेब ॲपचा मार्ग पत्करला. ॲपलचे ३० टक्के कमिशन आणि वर्गणीदारांच्या माहितीवरील नियंत्रण हे त्यामागील मुद्दे होते.

भारतातील दोन उदाहरणे

कोविड साथीच्या काळात केंद्र सरकारच्या दोन सेवांनी हे दोन वेगळे मार्ग अवलंबिले. २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेले आरोग्य सेतू हे नेटिव्ह ॲप होते. जवळ आलेल्या दोन फोनची नोंद ब्लूटूथद्वारे सतत घेणे हे त्याचे काम होते. ब्राउझर बंद असताना असे काम वेब ॲपला करता येत नाही. परंतु ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, ते नागरिक यातून वगळले गेले. त्यांच्यासाठी मे २०२० मध्ये १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉलची व्यवस्था करण्यात आली.

लसीकरणाची नोंदणी हे वेगळ्या स्वरूपाचे काम होते. नाव, ओळखपत्र, केंद्र आणि वेळ एवढीच माहिती भरावयाची असल्याने १ मार्च २०२१ पासून नागरिकांसाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी सुरू झाली. प्ले स्टोअरवरील कोविन ॲप केवळ प्रशासकांसाठी असून नागरिकांनी संकेतस्थळावर नोंदणी करावी, असे आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट करावे लागले. तत्पूर्वी जानेवारीत त्या नावाशी साधर्म्य असलेल्या बनावट ॲपबाबतही मंत्रालयाने सावध केले होते.

तथापि, वेब ॲप निवडल्याने सर्व अडचणी दूर झाल्या नाहीत. इंटरनेट नसलेल्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये उपस्थित केला. त्याच महिन्यात १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण केंद्रावर थेट नोंदणीची मुभा देण्यात आली, तर जूनमध्ये कोविन मराठीसह अन्य भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

व्यापारी क्षेत्राचा अनुभव

मिंत्रा या कपडे विक्रेत्या कंपनीने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपद्वारे विक्री सुरू ठेवली. जून २०१६ मध्ये कंपनीने संकेतस्थळ पुन्हा सुरू केले. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्ट लाइट हे प्रोग्रेसिव्ह वेब ॲप आणले. असे ॲप ब्राउझरमध्ये उघडते, फोनच्या पडद्यावर चिन्हाच्या रूपात ठेवता येते आणि काही भाग साठवून ठेवत असल्याने इंटरनेट खंडित झाले तरी मर्यादित स्वरूपात चालते. कमी साठवण क्षमतेच्या फोनवर त्याचा विशेष उपयोग होतो.

खर्च आणि मर्यादा

नेटिव्ह ॲपसाठी अँड्रॉईड आणि आयओएस अशा दोन स्वतंत्र आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांसारख्या साधनांमुळे हा भार कमी होतो. प्रत्येक सुधारणा स्टोअरच्या तपासणीतून जाते आणि वापरकर्त्याने ॲप अद्ययावत केल्यावरच त्याच्यापर्यंत पोहोचते. वेब ॲपमधील दुरुस्ती सर्व्हरवर केली की ती सर्वांना उपलब्ध होते.

वेब ॲपलाही कॅमेरा आणि स्थाननिश्चितीचा वापर वापरकर्त्याच्या परवानगीने करता येतो. मात्र आयफोनवर वेब ॲपद्वारे सूचना पाठविण्याची सोय मार्च २०२३ मध्ये आली आणि त्यासाठी ते ॲप होम स्क्रीनवर ठेवणे आवश्यक असते.

निवड कशी करावी

सतत चालणारी स्थाननोंद, ब्लूटूथ उपकरणांशी जोडणी, वेगवान खेळ किंवा दररोज अनेकदा होणारा वापर असल्यास नेटिव्ह ॲप योग्य ठरते. अर्ज, नोंदणी, निकाल, वेळापत्रक, बातम्या यांसारख्या अधूनमधून लागणाऱ्या सेवांसाठी वेब ॲप पुरेसे असते. वर्षातून एकदा अर्ज भरणाऱ्या नागरिकाला त्यासाठी फोनमधील जागा रिकामी करावयास लावणे उचित नव्हे. त्यामुळे सेवेला फोनच्या कोणत्या क्षमतेची खरोखर गरज आहे, हे प्रथम निश्चित करावे. तशी गरज नसल्यास वेब ॲपने प्रारंभ करून वापर वाढल्यावर नेटिव्ह ॲपची जोड देणे हिताचे ठरते. सार्वजनिक सेवेत मात्र दोन्हींच्या जोडीला दूरध्वनी किंवा प्रत्यक्ष खिडकीचा पर्याय कायम ठेवणे आवश्यक आहे.