उड्डाणाचे तास : जुहूपासून हुबळीपर्यंत

सरकारी नोकरीत सेवा पुस्तकाला फार मान. नेमणूक, रजा, वेतनवाढ सगळे त्यात लिहिलेले असते; ज्याची नोंद नाही ती सेवा झालीच नाही, असे आम्ही कर्मचारी धरून चालतो. वैमानिकाचेही असेच एक पुस्तक असते, त्याला लॉगबुक म्हणतात. कोणत्या दिवशी, कोणत्या विमानाने, कोठून कोठे आणि किती वेळ उड्डाण केले, हे त्यात लिहायचे. वैमानिकाची खरी कमाई ती हीच.

आपल्या देशात हे तास जमवण्याची सुरुवात फ्लाइंग क्लबांतून झाली. १९२८ साली मुंबईचा क्लब सुरू झाला. तेथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. इंग्लंड-भारत एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस लावले. पुढच्या वर्षी टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचे अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग दिले आणि बक्षीस अॅस्पींनी जिंकले! हेच अॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. म्हणजे टाटांच्या पहिल्या हवाई टपाल मार्गावरचा एक थांबा आपल्या हुबळीपासून सुमारे २०० किलोमीटरवर होता.

त्या काळी तास जमवायचे म्हणजे पदरमोड. पैसा असूनही दार उघडेलच असे नव्हते. प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला, तरी आठ विमान कंपन्यांनी त्यांना नकार दिला. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने संधी दिली. १९८५ साली कोलकाता-सिलचर मार्गावर पूर्णपणे महिलांच्या हाती असलेले विमान उडाले, तेव्हा कॅप्टनच्या आसनावर आपल्या सौदामिनी देशमुख होत्या. कॅप्टनचे आसन हाती येण्याआधी प्रत्येकाला वर्षानुवर्षे वही भरावी लागते.

आजचा हिशेब असा आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात. त्यांतले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडायचे, रात्रीचे आणि उपकरणांच्या आधाराने केलेले उड्डाणही हवे. त्यानंतर विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून लागायचे, आणि १५०० तास झाल्यावर कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याचा विचार. पगारदार घरातली मुले यासाठी कर्ज काढतात, काही परदेशी जातात. पाऊस, धुके, नादुरुस्त विमान यांमुळे महिने वाया जातात, हप्ते मात्र थांबत नाहीत.

याच घाईत वाकडी वाट सापडते. २०११ साली देशात बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची आणि न केलेल्या उड्डाणांचे तास लिहिल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटकाही झाल्या. सेवा पुस्तकात खोटी नोंद झाली तर सरकारचे नुकसान होते. लॉगबुकातली खोटी नोंद मागे बसलेल्या दीडशे-दोनशे जिवांवर बेतते.

आता ही वाट आपल्या अंगणापर्यंत आली आहे. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली उड्डाण प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पाच विमानतळांत बेळगाव आणि जळगाव होते. २०२२ च्या दुसऱ्या फेरीत हुबळीचे नाव आले. रायापूरच्या आमच्या वसाहतीतली मुले डोक्यावरून जाणारे विमान पाहून हात हलवतात. त्यांतले कोणी उद्या "मला पायलट व्हायचंय" म्हणाले, तर आईवडिलांनी फी विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. संस्थेची उडण्याजोगी विमाने किती? एका विद्यार्थ्याला महिन्याला प्रत्यक्ष किती तास मिळतात? प्रशिक्षक प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच दिवशी तपासून सही करतात का? उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच बँकेची पायरी चढावी.