स्वतंत्र जीवन चळवळ, कॅलिफोर्नियातील

अपंग व्यक्तींनी रुग्णालयात, आश्रमात किंवा नातलगांच्या आश्रयाने न राहता आपल्या पसंतीच्या घरी, स्वतः नेमलेल्या मदतनिसांच्या साहाय्याने राहावे आणि त्यासाठी लागणारी साधने त्यांना हक्क म्हणून मिळावीत, या मागणीतून उभी राहिलेली चळवळ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्निया राज्यात, मुख्यत्वे बर्कली शहरात, १९६० नंतर ती आकारास आली. ‘स्वतंत्र’ या शब्दाचा येथील अर्थ नीट ध्यानात घ्यावा लागतो. कपडे घालणे, जेवणे, चालणे या क्रिया स्वतःच्या हातापायांनी करता येणे म्हणजे स्वातंत्र्य, असे पुनर्वसनशास्त्र दीर्घकाळ मानीत आले. चळवळीने ही व्याख्या नाकारली. ही कामे कोणी, केव्हा व कशी करावयाची हे ज्याचे त्याला ठरविता आले, की तो मनुष्य स्वतंत्र होय, मग ती प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हातून का होईनात, असे तिचे म्हणणे आहे. पुढील सर्व मागण्या या एका भूमिकेतून निघाल्या.

या विचाराला बर्कलीत पूर्वपीठिका होती. तेथील अंधशाळेतील शिक्षक न्यूएल पेरी यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये अंधांची राज्यव्यापी परिषद स्थापन झाली. त्यांचे शिष्य जेकोबस टेनब्रोक हे स्वतः अंध असून कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी १९४० मध्ये अंधांचा राष्ट्रीय संघ उभारला. अंधांच्या संस्था अंधांनीच चालवाव्यात, हा या दोघांचा आग्रह होता.

चळवळीचे जनक समजले जाणारे एड रॉबर्ट्स (१९३९–९५) यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला व मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले. श्वासोच्छ्‌वासासाठी ते रात्री लोखंडी फुप्फुसात झोपत. शारीरिक शिक्षण व मोटार चालविण्याचे शिक्षण हे विषय पुरे केले नाहीत, म्हणून शाळेने त्यांना उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र नाकारले होते. आईने झगडून ते मिळविले. पुढे राज्याच्या पुनर्वसन खात्यानेही त्यांना नोकरीसाठी अपात्र ठरवून साहाय्य नाकारले. वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर तो निर्णय फिरला. १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला. तथापि लोखंडी फुप्फुसाचे वजन वसतिगृहाच्या जमिनीला पेलणारे नसल्याने त्यांची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात करण्यात आली. लवकरच तेथे चाकांच्या खुर्चीवरील आणखी विद्यार्थी आले. राज्याकडून मिळणाऱ्या पैशांतून ते आपले मदतनीस स्वतः निवडीत, शिकवीत आणि प्रसंगी काढूनही टाकीत. दशकाच्या अखेरीस पुनर्वसन खात्याच्या एका सल्लागाराने अभ्यासातील प्रगती असमाधानकारक ठरवून दोघांना तेथून घालविण्याचा प्रयत्न केला. तेव्हा विद्यार्थी संघटित झाले, त्यांनी वृत्तपत्रांकडे धाव घेतली आणि शेवटी बदली झाली ती सल्लागाराची. रुग्णालयाच्या एका मजल्यावरचे हे भांडण किरकोळ वाटले, तरी चळवळीचा आरंभ तेथेच शोधावा लागतो.

१९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. त्याच्याकडे शहरातील विद्यार्थी नसलेले अपंगही येऊ लागल्याने १९७२ मध्ये बर्कलीचे ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ निघाले. मदतनीस मिळवून देणे, चाकांच्या खुर्च्यांची दुरुस्ती, घरांचा शोध, सरकारी भत्त्यांविषयी सल्ला अशी तेथील कामे अगदी व्यावहारिक होती. पदपथांच्या कडा कापून उतार करण्याचे धोरण बर्कली नगरपालिकेने १९७१ मध्येच स्वीकारले होते. जेरी ब्राउन १९७५ मध्ये गव्हर्नर झाल्यानंतर त्यांनी रॉबर्ट्स यांना ज्या खात्याने अपात्र ठरविले होते त्याच पुनर्वसन खात्याचे संचालक नेमले. १९८३ पर्यंत ते त्या पदावर होते आणि या काळात राज्याच्या इतर भागांतही अशी केंद्रे निघाली. १९७८ मध्ये संघराज्याच्या कायद्यानेही केंद्रांना अनुदानाची तरतूद केली. केंद्राच्या नियामक मंडळात बहुसंख्य सदस्य अपंगच असावेत, ही अट पुढे देशभर रूढ झाली.

दरम्यान १९७३ च्या पुनर्वसन अधिनियमातील ५०४ व्या कलमाने संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती. परंतु नियमावली चार वर्षे रखडली. ५ एप्रिल १९७७ रोजी ज्युडिथ ह्यूमन, किटी कोन प्रभृतींच्या नेतृत्वाखाली सु. दीडशे लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोतील संघीय कार्यालयात ठिय्या दिला. तो तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकला. ज्यांना रात्री कूस बदलण्यासही दुसऱ्याची मदत लागते, अशी माणसे गाद्या व औषधांवाचून तेथे राहिली. दूरध्वनी तोडले गेल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोहोचविले. कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाने रोज गरम जेवण पुरविले. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी नियमावलीवर सही केली. १९९० च्या अमेरिकन अपंग अधिनियमाचा पाया या कलमात आहे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची वाट निराळी होती व तिचा आरंभ पालकांनी केला. १९६९ च्या लँटरमन कायद्याने त्यांच्यासाठी प्रादेशिक केंद्रांची व्यवस्था राज्यभर नेली. आज ती २१ आहेत. अर्थसंकल्पात रक्कम कमी पडली म्हणून खात्याला या सेवा सरसकट कापता येणार नाहीत, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. जुन्या मोठ्या निवासी संस्थांपैकी ॲग्न्यूज २००९ मध्ये व सोनोमा २०१८ मध्ये बंद झाली.

ही कल्पना देशाबाहेरही गेली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगहक्क करारातील १९ वे कलम तिच्यावरच आधारलेले आहे. भारताने हा करार २००७ मध्ये मान्य केला व २०१६ च्या अधिनियमात समाजात राहण्याचा हक्क नोंदविला. भारतात मदतनिसाचा भार अद्याप बहुतांशी कुटुंबावरच असल्याने या हक्काला तेवढे बळ आलेले नाही.

खुद्द कॅलिफोर्नियातही खरी झुंज याच मदतनिसाच्या वेतनासाठी चालते. १९७३ पासूनच्या गृहसाहाय्य योजनेत लाभार्थीच मदतनिसाची निवड करतो, वेतन सरकार देते व मदतीचे तास काउंटीचे अधिकारी ठरवितात. त्यांची कमाल मर्यादा महिन्याला २८३ तास आहे. आर्थिक मंदीत राज्याने या तासांना कात्री लावली. तेव्हा २०१० मध्ये बर्कलीत रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर अपंगांनी तंबू ठोकले आणि गव्हर्नर आर्नल्ड श्वार्झनेगर यांच्या नावावरून त्या वस्तीला ‘आर्नीव्हिल’ असे उपरोधिक नाव दिले. पुढे योजलेली वीस टक्क्यांची कपात न्यायालयात अडली, तडजोडीनंतर जुलै २०१३ मध्ये आठ टक्के कपात अंमलात आली, पुढच्या वर्षी ती सातवर आली आणि २०१५ मध्ये तास पूर्ववत झाले.