सुतावरून पाणी

वसई-विरारमध्ये पडसं पाहुण्यासारखं येत नाही, भाडेकरूसारखं राहतं. पावसाळ्यात भिंतींना बुरशी, दिवाळीनंतर बांधकामांची धूळ आणि वर्षभर लोकलच्या डब्यात दुसऱ्याच्या शिंका. त्यामुळे नाक चोंदलं की "जलनेती कर" हा सल्ला इथे फुकट मिळतो. त्यासोबत एक वाक्यही हमखास मिळतं: ही पाच हजार वर्षांपूर्वीची विद्या आहे. सल्ला बरा आहे. वाक्य मात्र तपासून घ्यावं असं.

नेती हा शब्द हठयोगाच्या ग्रंथांतला, यात वाद नाही. स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' साधारण पंधराव्या शतकातली. तिच्या दुसऱ्या उपदेशात षट्कर्मं येतात: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. पण तिथली नेती पाण्याची नाहीच, ती सुताची आहे. वीतभर लांबीचं, गुळगुळीत केलेलं सूत नाकपुडीतून आत सारायचं आणि तोंडातून बाहेर काढायचं. फळ काय, तर कवटी शुद्ध होते, दिव्य दृष्टी लाभते आणि खांद्यांच्या वरचे सगळे रोग झपाट्याने जातात. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच असावा. एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे कर्म पडशाच्या रोग्यासाठी सांगितलेलंच नाही. मेद आणि कफ जास्त असलेल्या साधकाने प्राणायामाआधी करायची ती तयारी आहे.

पाणी येतं ते नंतरच्या 'घेरंडसंहिते'त, तेही नेतीच्या नावाने नाही. तिथे कपालभातीचे तीन प्रकार आहेत, त्यांतले दोन पाण्याचे. व्युत्क्रमात नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकायचं, शीत्क्रमात तोंडाने घेऊन नाकाने सोडायचं. आज आपण करतो तसं एका नाकपुडीतून ओतून दुसरीतून वाहू देणं या श्लोकांत नाही. चोचीची झारी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीठ नाही.

मिठाविना नाकात पाणी गेलं की काय होतं, ते विहिरीत सूर मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोळ्यांतून पाणी येतं आणि कपाळात कळ जाते. साधं पाणी शरीरातल्या द्रवापेक्षा पातळ, म्हणून ते नाकाच्या आतल्या पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात आणि झोंबतं. किती मीठ घातलं की झोंबणार नाही, याचं उत्तर रक्ताच्या अभ्यासातून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्टोग हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाने माणसाच्या रक्ताशी जुळणारं प्रमाण शोधलं: ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. सलाइनच्या बाटलीवर आजही तोच आकडा असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या मिठागरांत घेतात त्या खाडीच्या पाण्यात तिप्पट गोडं पाणी मिसळलं, तर खारटपणा जवळपास रक्ताइतका होईल. (हिशेब म्हणून सांगितलं. खाडीचं पाणी नाकात घालू नये.)

नाक धुण्याचा खटाटोप युरोपातही झाला होता. लंडनमधले डॉक्टर थुडिकम यांनी १८६४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नाक धुण्याची रीत मांडली. मुळातलं निरीक्षण वेबर या जर्मन शास्त्रज्ञाचं. माणूस तोंडाने श्वास घेत असताना मऊ टाळू मागचं दार लावून घेते आणि एका नाकपुडीतलं पाणी घशात न उतरता दुसरीतून बाहेर येतं. जलनेती चालते ती याच एका कारणाने. पण तिकडे पाणी जोराने सोडलं जाऊ लागलं, ते कानात शिरून कान दुखू लागले, आणि कानाचे डॉक्टर या प्रकारावर नाराज झाले.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे गेली आणि ती वाट मुंबई-पुण्याकडून जाते. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या घरात, योग संस्था सुरू केली. मठात राहणारी साधना संसारी माणसाच्या दिवाणखान्यात आणली ती अशा लोकांनी. सहा वर्षांनी, १९२४ मध्ये, लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं. त्याचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, त्याआधी अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. साधूच्या शिष्याने गुरूचं म्हणणं दाबमापकाने मोजून पाहायचं, हे त्या काळी साधू आणि शास्त्रज्ञ अशा दोन्ही बाजूंना खटकणारं होतं. त्यांनी ते केलं. बस्तीत, म्हणजे गुदद्वारातून पाणी ओढून आतडं धुण्यात, पाणी आपोआप वर का चढतं, याचं जुनं उत्तर वायूंच्या भाषेत होतं. कुवलयानंदांनी नौली करताना, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळताना, मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला, आणि त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. 'योगमीमांसा' हे कैवल्यधामचं नियतकालिक १९२४ मध्येच निघालं. माझ्या मते नेतीच्या कुळात खरं वळण इथे आहे. या प्रयोगात नाक नव्हतं, पण ग्रंथात लिहिलंय एवढ्यावर न थांबता मोजून पाहण्याची सवय इथून लागली. योगवर्गांतून सुताच्या जागी रबरी कॅथेटर आला, झारी आली, कोमट पाण्यात मीठ आलं.

नेतीचं पुढचं आयुष्य परदेशात गेलं. स्वामी राम यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या हिमालयन इन्स्टिट्यूटने नेतीची भांडी विकली आणि २००७ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात ती घराघरांत दिसली. त्याआधी २००२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड रबागो आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला होता. वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ७६ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने सहा महिने रोज दोन टक्के मिठाच्या पाण्याने नाक धुतलं, दुसऱ्याने नेहमीचेच उपचार घेतले. धुणाऱ्यांची लक्षणं कमी झाली, प्रतिजैविकं आणि नाकाचे फवारेही कमी लागले. पण कोणी पाणी वापरलं हे लपवणं शक्य नव्हतं आणि माणसं मोजकी होती. २०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेने दीर्घकालीन सायनसवरचे असे प्रयोग तपासले, तेव्हा निकषांत बसणारे दोनच सापडले आणि पुरावा कमी दर्जाचा ठरला. म्हणजे आराम पडतो असं दिसतं, रोग मुळापासून जातो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. कवटीशुद्धीचं तर विचारूच नका.

पाण्याने नेमकं काय होतं? नाकाच्या आत सूक्ष्म केसांची रांग असते आणि ती चिकट स्राव सतत मागे घशाकडे ढकलते. हे मोजायची चाचणी गमतीशीर आहे: नाकपुडीत थोडं आत सॅकरिनचा कण ठेवायचा आणि गोड चव कधी लागते ते पाहायचं. निरोगी नाकात ती बहुधा वीस मिनिटांच्या आत लागते. घट्ट शेंबडात हे केस अडकून पडतात. खारं पाणी तो पातळ करून वाहून नेतं आणि सोबत धूळही.

आता वाईट बातमी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन माणसं मेंदूच्या संसर्गाने दगावली. दोघांनीही नळाच्या पाण्याने नेती केली होती. संसर्ग होता नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाचा. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात राहतो. तो पोटात गेला तर काही होत नाही. नाकातून गेला तर वासाच्या मज्जातंतूवरून मेंदू गाठतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं की माणूस वाचणं फार अवघड.

म्हणून वसई-विरारकरांना एक विनंती. आपल्याकडे सूर्या, पेल्हार, उसगावच्या धरणांचं पाणी येतं, आणि ते पुरत नाही तिथे टँकर आणि बोअरवेल. वाडीतलं बावखल, म्हणजे छोटं तळं, तर कोमट गोडं पाणीच. यातलं कुठलंही पाणी थेट नाकात घालू नका. गाळणीने किंवा तुरटीने भागत नाही. तीन ते पाच मिनिटं खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा सपाट पाऊण चहाचा चमचा पुरे. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसाला ठेवू नका, आणि झारी धुऊन पूर्ण वाळवा. कान दुखत असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा मूल लहान असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा.