बाप्तिस्मा १८८३ ला, शांती १८९१ ला : पंडिता रमाबाईंची मधली आठ वर्षं

आजचा भाग पंडिता रमाबाईंवर. शाळेच्या पुस्तकात त्या आपल्याला दोन ओळींत भेटतात: संस्कृत पंडिता, शारदा सदनाच्या संस्थापक, पुढे ख्रिस्ती झाल्या. पण मला त्यांच्या आयुष्यातल्या दोन तारखांमधलं अंतर फार बोलकं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनाला शांती मात्र मिळाली १८९१ च्या सुमारास, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मग मधली आठ वर्षं काय चाललं होतं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं ते रमाला शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरत होतं. पुण्य पदरी पडावं म्हणून उपास, स्नानं, दानधर्म सगळं केलं. दुष्काळ आला तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. १८८२ मध्ये पटकीनं तेही गेले. वय तेवीस, पदरात लहानगी मनोरमा.

आता विचार करा, इतकं सोसलेलं माणूस देवाकडे काय मागेल?

इंग्लंडमध्ये रमाबाईंनी एक गोष्ट पाहिली. समाजानं टाकून दिलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी जवळ घेत होत्या, माणसासारखं वागवत होत्या. येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट त्यांनी तिथंच ऐकली, आणि ती त्यांना भिडली. बाप्तिस्मा झाला. पण डोकं काही गप्प बसलं नाही. त्रैक्य म्हणजे काय, चर्चचं म्हणणं मी का मानायचं, यावर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद झाले. एका धर्माची सत्ता सोडून दुसऱ्याची डोळे मिटून मानायची नाही, असा बाईंचा बाणा होता.

पुढे अमेरिका, मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. काम दणक्यात सुरू होतं, आत मात्र रितं. या काळाबद्दल त्यांनी पुढे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

माझ्या वाचनातून मला दिसतं ते असं. लहानपणी तीर्थात पुण्य कमवायचं होतं. बाप्तिस्म्यानंतर ठिकाण बदललं, हिशेब तोच राहिला: मी पुरेशी चांगली आहे का? मग विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हा माणूस लोकांना धर्म शिकवत असतानाच स्वतःला मात्र रिकामा समजू लागला होता. रमाबाई थबकल्या, बायबल पुन्हा वाचलं. तारण कमवायचं नसतं, दिलेलं घ्यायचं असतं, हे आत उतरलं. पाठीवरचं ओझं खाली आलं.

आता खरा प्रश्न. ही शांती टिकली का? कारण बाहेर तर वादळच होतं. सदन पुण्यात आलं होतं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं सदनाचं वचन होतं, त्यामुळे दुखावलेल्यांचा रागही समजण्यासारखा होता. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनाही थांबवली नाही आणि सदनही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. एकेकाळी स्वतः उपाशी हिंडलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुलींना घेऊन आली. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. बाईंना कमी ऐकू येत होतं, शरीर थकलं होतं. तरी भाषांतराचं काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

शांती म्हटलं की आपल्याला डोळे मिटून बसणं आठवतं, फोन सायलेंटवर टाकणं आठवतं. रमाबाईंच्या शांतीत गोंगाट होता, दुःख होतं, कामाचा ढीग होता. फक्त स्वतःला सिद्ध करायची धडपड संपली होती. त्यांची श्रद्धा तुमची असो वा नसो, या फरकावर विचार करून बघा.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशन तिथं आजही चालू आहे. कधी त्या मार्गानं गेलात, तर खिडकीतून बाहेर बघा. भेटू पुढच्या भागात.