बेसिल

पुदिन्याच्या (लॅमिएसी) कुळातील वर्षायू सुगंधी वनस्पती. शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम. वृंदावनातली तुळस याच प्रजातीतली, पण वेगळ्या जातीची. फालुद्यात भिजून फुगणारा सब्जा हे बेसिलचेच बी. मात्र सब्जा पेरून आलेल्या रोपाची पाने बहुधा उग्र निघतात. पिझ्झासाठी लावायचा तो जेनोवीज वाण. त्याची पाने रुंद, मऊ आणि किंचित फुगीर असतात.

बेसिलचा सुगंध पानावरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत साठलेला असतो. त्यात धन्यातही असणारे लिनालूल, लवंगेतले युजेनॉल आणि बडीशेपेची आठवण देणारे एस्ट्रागोल ही मुख्य द्रव्ये. वाणागणिक त्यांचे प्रमाण बदलते. ही तेले उष्णतेने झपाट्याने उडून जातात. बेसिल केव्हा घालावे, या प्रश्नाचे उत्तर एवढ्या एका गुणधर्मात आहे.

इटलीतल्या नेपल्सचा मार्गेरीटा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत 60 ते 90 सेकंदांत भाजून निघतो. भट्टीचा तळ 485 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. एवढ्या थोड्या वेळात पान कोमेजते, पण त्याचा वास टिकतो, म्हणून तिथे बेसिल भाजण्याआधीच ठेवता येते. घरच्या ओव्हनमध्ये 250 अंशांवर त्याच पिझ्झाला आठ-दहा मिनिटे लागतात आणि पान काळे, कडसर होऊन बसते. तेव्हा नेपल्सची रीत जशीच्या तशी घरी आणणे चूक ठरते. पिझ्झा बाहेर काढल्यावर पाने हाताने तोडून वर पसरावीत. चीजच्या उरलेल्या उबेने ती पुरेशी नरमतात. भाजायचीच असतील तर चीजच्या थराखाली झाकावीत.

इटलीच्या राणी मार्गेरीटासाठी नेपल्सचे पिझ्झा करणारे राफाएले एस्पोझितो यांनी 1889 मध्ये टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचा पिझ्झा प्रथम केला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पुराव्यादाखल दाखवल्या जाणाऱ्या राजवाड्याच्या पत्राबद्दल इतिहासकारांनी शंका घेतली आहे, आणि नेपल्समध्ये पिझ्झावर बेसिल घालण्याची चाल त्याहून जुनी आहे. उत्तरेकडे, जेनोवा शहराच्या परिसरात बेसिलचे खरे वैभव पेस्तो या चटणीत दिसते. संगमरवरी खलात लसूण, चिलगोज्याच्या जातकुळीतले पाइनचे दाणे, जाडे मीठ, किसलेले चीज आणि ऑलिव्ह तेलाबरोबर कोवळी पाने घोटतात. ती शिजवत नाहीत. जेनोवाच्या लिगुरिया प्रांतातल्या या बेसिलला 2005 पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे.

ओरेगानोचे गणित बेसिलच्या उलट आहे. त्यातले कार्व्हाक्रॉल हे सुगंधी द्रव्य चिवट असते. पान वाळवले तरी वास राहतो, उलट एकवटतो, म्हणून ते भाजण्याआधीच घालतात. नेपल्सच्या मारिनारा पिझ्झावर चीज नसते; टोमॅटो, लसूण, तेल आणि ओरेगानो एवढेच. थाइम व रोझमेरीही कणखर पानांच्या, त्यामुळे आधी घालाव्यात. आपल्याकडे ज्याची भजी करतात त्या पानओव्यातही कार्व्हाक्रॉल असते, म्हणून ओरेगानो नसेल तेव्हा सॉसमध्ये त्याचे एखादे पान बारीक चिरून शिजवले तर चव जवळ जाते. पान मांसल आणि पाणीदार असल्याने कच्चे वर घालू नये.

बेसिलची लागवड कुंडीत सहज होते. बी वरवर पेरून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. ओल मिळताच बियांभोवती सब्जासारखे बुळबुळीत आवरण धरते आणि आठवडाभरात कोंब दिसू लागतात. पाणी साचणार नाही अशी माती आणि रोज सहा तास ऊन हवे. वैशाखात दुपारची सावली द्यावी. सर्वांत मोठा धोका पावसाळ्याचा. कोकणात आणि मुंबईत सततच्या ओलीने मुळे कुजतात, म्हणून कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. पारा 10 अंशांखाली गेला की पाने काळवंडतात.

रोपाला पानांच्या चारेक जोड्या आल्या की शेंडा खुडायला लागावे. खालच्या एखाद्या जोडीच्या बेचक्यात नीट पाहिले तर दोन्ही बाजूंना इवलीशी कोवळी पाने डोकावत असतात. त्या जोडीच्या नेमके वर नखाने खुडले की त्या दोन्ही कोंबांच्या फांद्या होतात. नुसती मोठी खालची पाने तोडत राहिल्यास रोप लांबुडके, बोडके होते. नवखे लोक नेमके हेच करतात. मंजिरी दिसताच काढावी, कारण फुलोऱ्यानंतर नवी पाने कमी आणि कडवट येतात.

खुडलेले बेसिल फ्रीजमध्ये ठेवू नये, थंडीने ते डागाळते. देठ पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवल्यास काही दिवस ताजे राहते, कधी त्याला मुळेही फुटतात आणि ते पुन्हा कुंडीत लावता येते. जास्त झाले तर तेलात वाटून बर्फाच्या साच्यात गोठवावे. वाळवलेल्या बेसिलमध्ये ताज्याचा वास फारसा उरत नाही.