कर्णाचे खाते

बँकेत खाते उघडायच्या फॉर्मवर पुष्कळ रकाने असतात. पण त्यांतला 'वडिलांचे नाव' हा रकाना सर्वांत खट. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे, आणि गिऱ्हाईक तोंडाने सांगते ते तिसरेच. मग आम्ही म्हणतो, "प्रतिज्ञापत्र आणा." गिऱ्हाईक म्हणते, "साहेब, बाप एकच आहे हो!" आम्ही म्हणतो, "ते तुम्हांला माहीत. कागदाला माहीत नाही."

वीस वर्षे कारकुनी केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की भारतीय युद्ध राज्यासाठी झालेच नाही. एका माणसाचा हा एक रकाना चुकीचा भरला गेला. वरच्या लोकांना चूक ठाऊक होती, पण दुरुस्तीची सही कुणीच केली नाही. परिणामी अठरा अक्षौहिणी सैन्य बुडीत खात्यात गेले. कॉमर्सच्या पदवीधराला महाभारत यापेक्षा जास्त कळत नाही, असे आमची सौभाग्यवती म्हणते. तिचे खरे असेल.

पण कर्णावर बोलायला पदवी लागतेच कुठे? आमच्या गावात तर मुळीच नाही. मलिक अंबराने 1610 साली वसवले तेव्हा हे गाव खडकी होते, मग फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आणि 2023 पासून सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर. ज्या गावाने स्वतःच्या फॉर्मवर एवढ्या वेळा नाव बदलले, त्याने कर्णाच्या नावाबद्दल भांडू नये तर काय करावे?

ही भांडणे मी पहिल्यांदा ऐकली ती तिसरीत असताना. 2 ऑक्टोबर 1988 ला दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले. गुलमंडीच्या मागच्या आमच्या बोळात टीव्ही दोन. त्यातला एक आमच्याकडे, म्हणून रविवारी सकाळी आमच्या बैठकीत निम्मा बोळ बसायचा. भाग संपला की मंडळी ओट्यावर यायची, आणि पडद्यावर युद्धाचा पत्ता नसताना ओट्यावर ते जुंपायचे. पक्ष दोन : कर्णपार्टी आणि अर्जुनपार्टी.

कर्णपार्टीचे पुढारी समोरचे शिंपी चाचा. गळ्यातली टेप न काढता ते यायचे. कुणी म्हणाले, "चाचा, तुम्हांला काय कळतं महाभारतातलं?" की त्यांचे उत्तर ठरलेले : "लिखा किसने है? राही मासूम रज़ा ने!" आणि ते खोटे नव्हते, मालिकेचे संवाद रज़ासाहेबांचेच होते. यावर अर्जुनपार्टीला काही क्षण गप्प बसावे लागे.

अर्जुनपार्टीचे सेनापती आमचे संस्कृतचे मास्तर. त्यांच्या भात्यात एकच अस्त्र होते, पण जबर. ते म्हणजे 'प्रक्षिप्त आहे!' पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताची संशोधित आवृत्ती काढायला घेतली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी 1925 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1943 पर्यंत, हे काम वाहिले. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी ते नेले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदा लिपीपासून मल्याळमपर्यंतच्या बाराशेहून अधिक पोथ्या ताडून पाहिल्या. जे बहुतेक पोथ्यांत नाही ते तळटीपेत ढकलले. आमच्या भाषेत सांगायचे तर सत्तेचाळीस वर्षे चाललेले ताळेबंद जुळवण्याचे काम. 1966 साली ते पूर्ण झाले.

मास्तर हे सगळे कोळून प्यायले होते. द्रौपदी स्वयंवरात कर्णाला म्हणाली, मी सूतपुत्राला वरणार नाही : प्रक्षिप्त! संशोधित आवृत्तीप्रमाणे बाकीच्या राजांसारखे कर्णालाही ते धनुष्य वाकवता आले नाही. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हा टोमणा : प्रक्षिप्त! वस्त्रहरणात द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा : तोही तळटीपेत. बोळातल्या बायका त्या दिवशी मास्तरांवर भयंकर रागावल्या. चाचांनी त्यांचे नावच 'प्रक्षिप्त मास्तर' ठेवले, आणि ते इतके रुळले की एकदा पोस्टमननेही त्याच नावाने पत्र आणून दिले.

आता यातली गंमत पाहा. 1966 साली मूळ पाठ कोणता याचा निकाल लागला. एखाद्याला वाटेल, चला, वाद मिटला. पण मराठी माणूस निकालानंतरच खरा भांडायला बसतो. पुढच्याच वर्षी, 1967 साली, मराठीत दोन पुस्तके आली. एक इरावती कर्व्यांचे 'युगान्त' आणि दुसरी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. लिहिले काय आहे हे ठरल्यावर आता मनात काय होते यावर लढाई सुरू झाली.

इरावतीबाई मानवशास्त्राच्या. त्यांनी महाभारतातल्या माणसांकडे देव बाजूला ठेवून पाहिले, आणि एक प्रश्न विचारला की घराघरांत चहा गार झाला. धर्मराज यमधर्माचा मुलगा म्हणतात. विदुर हाही धर्माचाच अवतार म्हणतात. नियोगाला दीर जवळचा. आणि अखेरीस वनात विदुर प्राण सोडतो तो युधिष्ठिरावर दृष्टी रोखून, योगबळाने त्याच्या शरीरात शिरून. तेव्हा हे दोघे पिता-पुत्र तर नव्हेत? बाईंनी प्रश्नचिन्ह ठेवले होते. वाचकांनी ते पुसून टाकून आपापसांत भांडून घेतले.

कर्णाच्या बाबतीतही बाई हळव्या झाल्या नाहीत. तिकडे सावंतांनी मात्र कर्णाला स्वतः बोलायला लावले. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा साक्षीदारांचे जबाब घेतले, आणि अख्खा महाराष्ट्र कर्णाच्या बाजूने रडला. वृषाली हे कर्णाच्या बायकोचे नाव मूळ महाभारतात सापडत नाही, म्हणजे मास्तरांच्या हिशेबी तीही प्रक्षिप्त. हे मास्तरांनी ओट्यावर जाहीर केले तेव्हा शेजारच्या घरातली वृषाली रडतच आत गेली होती.

मग नावाचा प्रश्न. शिरवाडकरांनी नाटक लिहिले त्याचे नाव 'कौन्तेय'. रणजित देसाईंनी 1973 साली कादंबरी लिहिली तिचे नाव 'राधेय'. एकच खातेदार, आईची नावे दोन! शिवाय लोककथेचा कारभार निराळाच. विठ्ठल उमपांचे 'जांभूळ आख्यान' ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे की लोकांनी द्रौपदीच्याच मनात कर्ण नेऊन बसवला. बाराशे पोथ्यांत जे नाही ते संबळावर आहे. तिथे 'प्रक्षिप्त' म्हणायची मास्तरांचीही छाती नव्हती.

एकदा तर दोन्ही पार्ट्या एकाच एस.टी.ने वेरूळला गेल्या. कैलास लेण्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारताचा शिल्पपट आहे. त्यात कर्ण दाखवून वाद मिटवायचा ठरले. तासभर शोधून चाचांनी एक रथी कर्ण म्हणून नक्की केला, तर मास्तरांनी त्यालाच अर्जुन ठरवले. बाराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी नावाची पाटी लावलेली नव्हती. केवायसीचा नियम तेव्हा नव्हता.

खरे भांडण मात्र एकाच मुद्द्यावर यायचे : कुणाकुणाला माहीत होते? शस्त्रस्पर्धेच्या मैदानात कृपाचार्य कर्णाला विचारतात, आईबापाचे नाव काय, कूळ कोणते? म्हणजे फॉर्म पुढे करतात. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. चौकशी नाही, जामीन नाही, वरून आलेल्या शिफारशीवर मंजूर झालेले कर्ज. (ते त्याने पै न् पै फेडले, अशी वसुली आम्ही पाहिलेली नाही.) तेवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत येतो, आणि नवा राजा अभिषेकाने ओले झालेले डोके त्याच्या पायावर ठेवतो. तिकडे कुंतीला मूर्च्छा आलेली असते. विदुर तिच्यावर चंदनाचे पाणी शिंपडतो.

"बघा," चाचा ओरडायचे, "पानी मारा, पर पूछा नहीं, क्या हुआ भाभी? मतलब विदुर को मालूम था!"

"मतलब काही नाही," मास्तर. "ग्रंथात लिहिलेलं नाही. आणि तुमचा कर्ण घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळाला, द्रौपदीला भरसभेत नको तो शब्द बोलला, तिची वस्त्रं काढायला त्यानंच सांगितलं. हे मात्र लिहिलेलं आहे!"

यावर चाचा गप्प व्हायचे. हे दुखणे कर्णपार्टीकडे कायमचे होते.

आमचे वडील दोन्हीकडचा चहा पुरवायचे. सरकारी कचेरीत कारकून; मत न देण्याची सवय. फक्त एकदाच बोलले. कृष्ण कर्णाला रथात घेऊन त्याचा जन्म सांगतो, पांडवांत ये म्हणतो, तो भाग झाला होता. ओट्यावर चर्चा अशी की, बिचाऱ्याला आधी कळलं असतं तर? वडील कपबशा गोळा करता करता म्हणाले, "कळलं की. कळलं तेव्हा काय म्हणाला ते ऐकलं का कुणी? राधेला माझ्या मायेनं पान्हा फुटला, तिनं माझं हगलं-मुतलं काढलं, तिचं पिंडपाणी मी कसं तोडू? तुम्ही सगळे कुंतीचं धरून बसलाय. राधेचं कोण विचारतं?"

मास्तरांनी मान डोलावली. "उद्योगपर्व. मूळातलंच आहे." त्यांच्या तोंडून कर्णाला मिळालेले हे एकमेव प्रमाणपत्र. वडील कपबशा घेऊन आत गेले.

आमच्याकडे दरवर्षी पैठणची आजी यायची. माझ्या आजीची धाकटी बहीण. वडील तिला मावशी म्हणत. येताना लाडवांचा डबा आणायची, जाताना वडिलांच्या तोंडावरून हात फिरवून रडायची. आम्हां पोरांना वाटे, म्हाताऱ्या माणसांना एस.टी. चुकायची भीती वाटते म्हणून रडतात. पैठणचीच ती, तेव्हा तिला मुक्तेश्वराच्या ओव्या येत. नाथांच्या लेकीच्या या मुलाने मराठीत महाभारत रचले, त्यातली आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक एवढीच पर्वे आज मिळतात. म्हणजे कर्णाचे उत्तर ज्यात यायचे ते उद्योगपर्व नेमके नाही.

2011 साली वडील गेले. त्यांच्या खात्याचे दाव्याचे कागद करायला मी त्यांची ट्रंक उघडली. आयुष्यभर लोकांना कागद आणायला पिटाळणाऱ्यावर कागद शोधायची पाळी आली, हा न्यायच. तळाशी एक पाकीट होते, वर वडिलांच्या अक्षरात 'महत्त्वाचे'. आत 1951 सालचा स्टँपपेपर, सगळा उर्दूत. निजामाचे राज्य जाऊन जेमतेम तीन वर्षे झालेली. आमच्याकडचे कागद अजून उर्दूतच होत. मला त्यातले 'अलिफ'ही कळेना. मी तो घेऊन समोर गेलो.

चाचा आता फार थकले होते. मशीन मुलगा चालवायचा. त्यांनी चष्मा लावला, कागद उन्हात धरला आणि बोट फिरवत वाचू लागले. मध्येच बोट थांबले. मग पुन्हा सुरुवातीपासून वाचले.

तो दत्तकाचा कागद होता. पैठणच्या धाकट्या बहिणीने आपला अकरा महिन्यांचा मुलगा निपुत्रिक थोरल्या बहिणीला राजीखुशीने दिला होता. कुंतीची पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, तिथून गंगेत आणि मग चंपानगरीला पोचली. आमच्या वडिलांचा प्रवास पैठण ते औरंगाबाद, पन्नास किलोमीटर.

चाचांनी चष्मा काढला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, तेरे अब्बा तो हमारीच पार्टी के निकले! और मैं समझा, चाय वाले हैं."

त्या दिवशी त्या ओट्यावर शेवटचा वाद झाला. पक्ष दोन : चाचा आणि मी. विषय : वडिलांना माहीत होते का? मी म्हणालो, त्यांना उर्दू येत नव्हते. चाचा म्हणाले, जो कागद वाचता येत नाही त्यावर माणूस 'महत्त्वाचे' कशाला लिहील? मी म्हणालो, मग कधी बोलले का नाहीत? चाचा म्हणाले, "बोले तो थे. उस इतवार को. हमने सुना नहीं."

मास्तर असते तर म्हणाले असते, ग्रंथात लिहिलेले नाही. पण ते दोन वर्षांपूर्वीच गेले होते. मी चाचांचे म्हणणे मान्य केले, पण एक दुरुस्ती सुचवली : वडील कर्णपार्टीचे नव्हते. ते राधापार्टीचे होते, आणि त्या पार्टीत ते एकटेच होते.

घरी येऊन दाव्याचा फॉर्म भरायला घेतला. 'मयताच्या वडिलांचे नाव' हा रकाना आला. तोवर तो मी कधी स्वतःच्या घरासाठी भरला नव्हता. पेन जरा थांबले. मग ज्यांनी शाळेत घातले, ज्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून वडील गावभर हिंडले, त्या माझ्या आजोबांचे नाव मी लिहिले. कागदही तेच सांगत होता.

खाडाखोड झाली नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत तपासला आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे." बँकेत हे वाक्य फार क्वचित ऐकायला मिळते.