‘सतत गैरहजर’ : शाळेच्या वहीतला एक रकाना

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या कपाटांतल्या जुन्या वह्या अचानक मोलाच्या झाल्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी जी कागदपत्रं तपासली गेली, त्यांत शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही होत्या. निजामकाळातल्या काही नोंदी उर्दूत, काही मोडीत. सगळ्यांचं लक्ष जातीच्या रकान्यावर होतं. माझ्या अभ्यासाचा विषय मात्र त्याच वहीतला शेवटचा रकाना आहे: शाळा सोडण्याचं कारण.

या रकान्यात बऱ्याचदा दोनच शब्द भेटतात, ‘सतत गैरहजर’. मूल का येत नव्हतं, हे वही सांगत नाही. गावाला ते ठाऊक असतं. गावाकडची ही माहिती शाळेपर्यंत कधी पोचली आणि कधी नाही, हा परभणीसारख्या जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

आधी एक खुलासा. जुन्या कागदांतला परभणी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. परतूर तेव्हा परभणीत होतं, आता ते जालन्यात आहे. हिंगोली तर १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे जुने आणि नवे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

आता १९४८ च्या आधीचं बघू. परभणी हैदराबाद संस्थानात होती. कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला पुढं शिकायचं, तर उर्दूशिवाय गत्यंतर नव्हतं. लोकांनी स्वतःची शाळा काढायची म्हटलं तरी १९२० च्या दशकातल्या नियमांनुसार सरकारची परवानगी लागे. तरीही मराठवाड्यात लोकांच्या पैशांवर आणि कष्टावर शाळा उभ्या राहिल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही त्यातली ठळक नावं. हिप्परग्याला शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि मुक्तिसंग्रामाचे नेते बनले. तेव्हा शाळेला मदत करणं म्हणजे जवळजवळ राजकारणच होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झालं. तीन वर्षांनी झालेल्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातली दहा माणसंही साक्षर नव्हती. शाळा हव्या होत्या, पण इमारती कुठून आणणार? मग मारुतीचं देऊळ, चावडी, एखाद्याचा वाडा, असं जिथं जमेल तिथं वर्ग भरायचा. पुढं कुणी जागा दिली, कुणी वर्गणी, कुणी श्रमदान. ‘गावानं शाळा उभी केली’ हे वाक्य तुम्हीही आजोबांकडून ऐकलं असेल.

वाक्य खरं आहे, पण त्यातलं ‘गाव’ म्हणजे नेमकं कोण? वर्ग देवळात भरला, की दलित वस्तीतली मुलं पायरीशी किंवा बाहेर बसत. मराठी दलित आत्मकथनांत हा अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे. ज्या जागेचा गावाला अभिमान होता, तीच जागा काही मुलांना दूर ठेवत होती. अशी मुलंही वहीत शेवटी ‘सतत गैरहजर’च ठरू शकत होती.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षक, पगार, इमारत हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणाहून ठरू लागलं. फायदा मोठा झाला, शाळा वाड्या-तांड्यांपर्यंत पोचली. पण त्याबरोबर ‘आपली शाळा’ची हळूहळू ‘झेडपीची शाळा’ही झाली.

गावाला पुन्हा कायदेशीर जागा मिळाली ती शिक्षण हक्क कायद्यानं. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक हवेत, ५० टक्के महिला हव्यात आणि वंचित गटांच्या पालकांना प्रमाणात जागा हवी, असं तो सांगतो. माझ्या मते जुन्या ‘गाव’ शब्दाची ही कायद्यानं केलेली दुरुस्ती आहे.

कागदावरची ही दुरुस्ती प्रत्यक्षात कशी दिसते, ते ऊसतोडीच्या हंगामात कळतं. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. मूल सोबत गेलं, की ऐन अभ्यासाचे महिने गेले. त्यावर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय व्यवस्थापन समितीमार्फत होते. कोणतं घर कधी निघणार, म्हातारी किती थकली आहे, मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला नेणार आहेत का, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. शेजारणीला ते माहीत असतं. ती शेजारीण समितीत असेल आणि तिचं ऐकलं जात असेल, तरच योजना योग्य मुलापर्यंत पोचते.

म्हणून कुणी ‘लोकसहभाग’ म्हटलं, की रंगवलेल्या भिंती आणि मिळालेला टीव्ही मोजून थांबू नका. समितीची बैठक किती वाजता होते ते विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दुपारी ठेवली, तर रोजानं जाणारी आई येणार कशी? तिची सही घरी पाठवलेल्या रजिस्टरवर होईल, पण तिला जे माहीत आहे ते शाळेला कळणार नाही. आणि वर्षाअखेरीला तिच्याच मुलाच्या नावापुढं तेच दोन शब्द येतील.